आयोचा ठिपका

(कोल्हापुरात दिलेल्या व्याख्यानाचा संपादित मजकूर)

मंडळी, शिवाजी विद्यापीठाच्या आवारातून भारतीय भूचुंबकत्व संस्थेच्या शास्त्रज्ञांनी वर्षानुवर्षं आपल्या डोक्यावरच्या आकाशाचा अभ्यास केला आहे. रडारनं ८० ते १०० किलोमीटर उंचीवरचे वारे मोजायचे आणि अंधाऱ्या रात्री एका कॅमेऱ्यात अख्खं आकाश टिपायचं, असं ते काम. त्या छायाचित्रांत एक लालसर उजेड उतरतो. तो खूप उंचावरच्या ऑक्सिजनच्या अणूंचा असतो, तरंगलांबी ६३० नॅनोमीटर, आणि इतका मंद की डोळ्यांना जाणवत नाही. मे २०२४ मध्ये सूर्यावरून मोठं वादळ आलं तेव्हा लडाखमधल्या हानलेचं आकाश लाल झालं होतं. ते फोटो तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी पाहिले असतील. तो लाल रंगही याच ऑक्सिजनचा, याच तरंगलांबीचा. म्हणून आज ध्रुवीय प्रकाशावर बोलताना मी फार परक्या गोष्टीवर बोलतोय, असं समजू नका.

पृथ्वीवरच्या ध्रुवीय प्रकाशामागे सूर्य आहे, हे आपल्याला ठाऊक आहे. सूर्याकडून विद्युतभारित कणांचा वारा येतो, पृथ्वीचं चुंबकीय क्षेत्र त्यानं ढवळून निघतं, त्यातले इलेक्ट्रॉन बलरेषांवरून ध्रुवांकडे उतरतात आणि हवेला पेटवतात. या सगळ्यात आपल्या चंद्राचा काही हात नसतो. गुरू ग्रहावर मात्र एक ठिपका असा आहे की सूर्याचा वारा उद्या थांबला तरी तो तसाच तेवत राहील. तो पेटवतो आयो, गुरूचा एक चंद्र. तोही स्पर्श न करता, चार लाख किलोमीटरवरून. हे कसं घडतं ते मला आज सांगायचं आहे. आणि तो ठिपका वाचता आला की त्या चंद्राबद्दल काय काय कळतं, तेही.

सुरुवात प्रकाशापासून नाही, आवाजापासून झाली. १९५५ साली अमेरिकेत मेरीलँडमध्ये बर्नार्ड बर्क आणि केनेथ फ्रँकलिन हे दोघे २२.२ मेगाहर्ट्‌झच्या रेडिओलहरींतून आकाशाची पाहणी करत होते. त्यांना क्रॅब तेजोमेघ बघायचा होता. नोंदींत मधूनच खरखर उमटायची. आधी वाटलं, जवळपासच्या एखाद्या मोटारीच्या इंजिनाची असेल. पण ती रोज साधारण चार मिनिटं लवकर यायची, म्हणजे ताऱ्यांच्या घड्याळानं चालायची. ती येत होती गुरूकडून.

पुढची नऊ वर्षं या खरखरीचं वेळापत्रक नीट लागत नव्हतं. १९६४ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या ई. के. बिग यांनी जुन्या नोंदी आयोच्या स्थितीशी ताडून पाहिल्या. आयो गुरूच्या बरोबर मागे असेल तिथून मोजायला सुरुवात केली, तर तो ९० अंशांच्या किंवा २४० अंशांच्या आसपास असताना गुरू जास्त करून बोलतो, असं त्यांना दिसलं. मला या शोधाबद्दल फार आदर वाटतो. नवं यंत्र नाही, नवी दुर्बीण नाही. दुसऱ्यांनी जमवलेले आकडे पुन्हा एकदा लक्ष देऊन वाचले, आणि एक चंद्र आपल्या ग्रहाला बोलायला लावतो हे माणसाला पहिल्यांदा कळलं.

आता हिशेब करू. तो सोपा आहे आणि करण्यासारखा आहे.

गुरू स्वतःभोवती ९ तास ५५ मिनिटांत फिरतो. त्याचं चुंबकीय क्षेत्रही त्याच्याबरोबर फिरतं, आणि त्या क्षेत्रात अडकलेला विद्युतभारित वायू, म्हणजे प्लाझ्मा, तोही. आयो गुरूच्या केंद्रापासून सुमारे ४ लाख २२ हजार किलोमीटरवर आहे. त्या अंतरावरच्या प्लाझ्माला दहा तासांत प्रदक्षिणा पुरी करायची, तर सेकंदाला ७४ किलोमीटर धावावं लागतं. आयोला स्वतःला एका फेरीला साडेबेचाळीस तास लागतात, म्हणजे त्याचा वेग सेकंदाला १७ किलोमीटर. दोघं एकाच दिशेनं जातात, पण प्लाझ्मा मागून येऊन आयोला सेकंदाला ५७ किलोमीटरनं ओलांडून जातो.

चुंबकीय क्षेत्र एखाद्या वाहकाला ओलांडून गेलं की वाहकात विद्युतदाब तयार होतो. फॅरेडेचा नियम, दहावीच्या पुस्तकातला. आयोपाशी गुरूचं क्षेत्र सुमारे १९०० नॅनोटेस्ला आहे. इथं कोल्हापुरात जमिनीवर पृथ्वीचं क्षेत्र ४० हजारांच्या घरात असतं, त्याच्या विसाव्या भागाइतकंच. फार नाही. पण आयोचा व्यास ३६४३ किलोमीटर. वेग गुणिले क्षेत्र गुणिले व्यास करा, उत्तर येतं सुमारे ४ लाख व्होल्ट. या दाबानं वाहणारा प्रवाह दहा लाखांहून जास्त ॲम्पिअरचा, आणि एकूण शक्ती दहाचा बारावा घात वॅटच्या घरातली, म्हणजे एक लाख कोटी वॅट. आपल्या कोयनेची स्थापित क्षमता १९६० मेगावॅट आहे. तशा पाचशे कोयना म्हणा.

ही शक्ती येते कुठून? सूर्याकडून नाही. ती गुरूच्या फिरण्यातून येते. आयो त्या फिरण्याला किंचित अडवतो, आणि त्या अडवण्यातून ऊर्जा बाहेर पडते. गुरू इतका प्रचंड आहे की त्याला ही उधळपट्टी जाणवतही नाही.

पण नुसता विद्युतदाब असून भागत नाही, वाहून नेणारं काही तरी लागतं. इथं आयोचा स्वभाव कामाला येतो. आयो, युरोपा आणि गॅनिमीड या गुरूच्या तीन चंद्रांच्या प्रदक्षिणांचे काळ १ : २ : ४ या प्रमाणात आहेत. त्यामुळे आयोची कक्षा कधी पूर्ण वर्तुळ होत नाही. गुरूचं ओढणं फेरीभर कमीजास्त होत राहतं आणि आयोचा घन पृष्ठभाग शंभर मीटरपर्यंत वरखाली होतो. पाण्याची नव्हे, खडकाची भरती-ओहोटी! त्या मळण्यानं तो आतून वितळतो. स्टॅन्टन पील, पॅट्रिक कॅसन आणि रे रेनॉल्ड्स यांनी हे गणितानं मांडलं आणि त्यांचा निबंध २ मार्च १९७९ रोजी छापून आला. ५ मार्चला व्हॉयेजर-१ यान गुरूपाशी पोचलं. ८ मार्चला घेतलेल्या छायाचित्रात लिंडा मोराबिटो यांना आयोच्या कडेवर ज्वालामुखीचा फवारा दिसला. भाकीत आणि पुरावा यांच्यात आठवडाही गेला नाही. विज्ञानाच्या इतिहासात असं क्वचित घडतं.

आज आयोवर ४०० हून अधिक जागते ज्वालामुखी माहीत आहेत. त्यांच्या सल्फर डायऑक्साइडमधून दर सेकंदाला सुमारे एक टन द्रव्य गुरूच्या चुंबकीय क्षेत्रात मिसळतं. गंधक आणि ऑक्सिजनचे आयन होऊन ते आयोच्या कक्षेभोवती एका कड्यासारखं पसरतं. प्लाझ्मा म्हणालो तो हा.

आता मधला, सगळ्यात सुंदर भाग. आयोपाशी झालेली ढवळ गुरूपर्यंत पोचते कशी?

१९६९ मध्ये पीटर गोल्डराइख आणि डोनाल्ड लिंडेन-बेल यांनी मांडलं की आयो म्हणजे एक जनित्र, बलरेषा म्हणजे तारा आणि गुरूचं आयनांबर, म्हणजे वातावरणाचा वरचा विद्युतभारित थर, हा परिपथ पुरा करणारा भाग. चित्र देखणं होतं आणि बरंचसं खरंही आहे. पण व्हॉयेजरनं ते कडं किती दाट आहे हे दाखवल्यावर एक अडचण उभी राहिली. आयोकडून निघालेला संदेश गुरूपाशी जाऊन परत यायला बरीच मिनिटं लागतात. आणि सेकंदाला ५७ किलोमीटरनं जाणारी बलरेषा आयोचा अख्खा व्यास साधारण एका मिनिटात ओलांडते. संदेश परत येतो तेव्हा ती रेषा आयोला सोडून कुठल्या कुठे गेलेली असते. म्हणजे परिपथ एका जागी स्थिर राहूच शकत नाही.

याचं उत्तर स्वीडनच्या हान्नेस आल्फवेन यांनी १९४२ मध्येच देऊन ठेवलं होतं. चुंबकीय क्षेत्रातल्या प्लाझ्मात एक वेगळ्याच जातीची लहर धावू शकते, असं त्यांनी गणितानं दाखवलं. बरीच वर्षं लोकांनी ते मानलं नाही. १९७० मध्ये त्यांना नोबेल मिळालं.

मिरजेचा तंबोरा सगळ्यांनी पाहिलाय. तारेवर बोट फिरवलं की लहर तारेच्या दोन्ही टोकांकडे धावते. तार जितकी ताणलेली, तितकी लहर वेगात. तार जितकी जड, तितकी मंद. चुंबकीय बलरेषेचंही असंच आहे. ताण क्षेत्राचा, वजन त्या रेषेला चिकटलेल्या आयनांचं. आयोभोवतीच्या कड्यात गंधकाचे जड आयन खच्चून भरलेत, म्हणून तिथं आल्फवेन लहर सेकंदाला २०० किलोमीटरच्या आसपासच जाते. कड्याबाहेर पडली की रेषा जवळजवळ रिकामी असते. तिथं लहरीचा वेग प्रकाशाच्या वेगाजवळ पोचतो. आणि एकाच तारेचा अर्धा भाग जाड, अर्धा बारीक असेल, तर सांध्यावर लहर थोडी पुढे जाते, थोडी मागे फिरते. आयोची लहरही कड्याच्या कडेवर अशीच अंशतः परतते, दुसऱ्या कडेवर आपटते, पुन्हा थोडी निसटते. म्हणून गुरूवर आयोचा एकच ठिपका दिसत नाही. मुख्य ठिपका, त्याच्या मागे आणखी काही, आणि त्या सगळ्यांमागे लांबवर पसरलेली शेपटी, असं चित्र दिसतं.

गुरूजवळ या लहरी इलेक्ट्रॉनना ढकलतात. काही खाली जाऊन वातावरणातल्या हायड्रोजनवर आदळतात आणि अतिनील प्रकाश निघतो. काही उलट वर फेकले जातात आणि थेट दुसऱ्या गोलार्धात जाऊन पडतात. ते लहरीच्या आधी पोचू शकतात, म्हणून कधीकधी मुख्य ठिपक्याच्या पुढे आणखी एक फिकट ठिपका दिसतो. उत्तर ध्रुवाचा निरोप दक्षिण ध्रुवावर, आणि दक्षिणेचा उत्तरेवर.

हा ठिपका प्रत्यक्ष दिसला तो १९९३ मध्ये. जॅक कॉनर्नी आणि सहकाऱ्यांनी हवाईतल्या दुर्बिणीतून अवरक्त प्रकाशात गुरू पाहिला. तीन हायड्रोजन अणूंचा एक आयन त्या प्रकाशात चमकतो. मुख्य ध्रुवीय प्रकाश गुरूबरोबर फिरत होता. एक ठिपका मात्र फिरत नव्हता. तो आयोच्या मागोमाग चालत होता. ओळख पटायला एवढं पुरेसं होतं. पुढे हबल दुर्बिणीनं अतिनील प्रकाशात त्याची स्वच्छ चित्रं घेतली, आणि २००२ मध्ये जॉन क्लार्क यांच्या गटानं गॅनिमीड आणि युरोपा यांचेही ठिपके दाखवले.

गॅनिमीडचा ठिपका वेगळा आहे, आणि त्याला कारण आहे. हा सूर्यमालेतला सगळ्यात मोठा उपग्रह, व्यास ५२६८ किलोमीटर, आणि त्याला स्वतःचं चुंबकीय क्षेत्र आहे. १९९६ मध्ये गॅलिलिओ यानानं ते शोधलं. म्हणजे गुरूच्या प्रवाहात नुसता खडक उभा नाही. त्या खडकाभोवती स्वतःचं छोटं चुंबकीय आवरणही आहे. २०१८ मध्ये जुनो यानाच्या अवरक्त कॅमेऱ्याच्या चित्रांतून कळलं की गॅनिमीडची खूण दुहेरी आहे, आणि आयोची शेपटी सलग नसून एकाआड एक सरकत गेलेल्या बारीक ठिपक्यांची माळ आहे. पृथ्वीवरून असलं काही दिसणं अशक्य होतं. जुनो २०१६ मध्ये गुरूपाशी पोचलं आणि त्याच्या ध्रुवांवरून जाऊ लागलं. ध्रुवीय प्रकाश बघायला ध्रुवावरच जावं लागतं.

राहिला कॅलिस्टो. गुरूच्या चार मोठ्या चंद्रांतला सगळ्यात बाहेरचा, गुरूपासून जवळजवळ १९ लाख किलोमीटर. त्याच्या बलरेषा गुरूवर जिथं उतरतात तिथंच गुरूचा मुख्य ध्रुवीय प्रकाश जळत असतो, त्यामुळे त्याचा फिकट ठिपका त्या झगमगाटात हरवून जायचा. सप्टेंबर २०१९ मध्ये सूर्याकडून कणांचा दाट झोत आला, गुरूचं प्रकाशवलय विषुववृत्ताकडे सरकलं, आणि तेवढ्या वेळात जुनो नेमकं वरून गेलं. त्या नोंदींतून कॅलिस्टोची खूण वेगळी काढली आणि २०२५ मध्ये निबंध छापून आला. १६१० साली गॅलिलिओनं जे चार चंद्र पाहिले, त्या चौघांचेही ठिपके आता आपल्याकडे आहेत.

इथं एक गोष्ट सांगायलाच हवी, कारण ठिपक्यांच्या नादात ती मागे पडते. गुरूचं जे मोठं प्रकाशवलय आहे, तेही बऱ्याच अंशी आयोच्या द्रव्यावर चालतं. कड्यातलं द्रव्य हळूहळू बाहेर सरकतं, गुरूच्या फिरण्याशी गती राखताना मागे पडतं, आणि त्याला पुन्हा ओढून गतीवर आणणारे विद्युतप्रवाह ध्रुवांजवळ प्रकाश पेटवतात. जुनोच्या मोजमापांनी या स्पष्टीकरणावर काही कठीण प्रश्न उभे केले आहेत, पण द्रव्य आयोचं आणि ऊर्जा गुरूच्या फिरण्याची, याला धक्का लागलेला नाही. ज्वालामुखी एका जगावर आणि त्यांचा उजेड दुसऱ्या जगावर.

शनीकडे हेच काम एन्सेलेडस हा त्याचा चंद्र करतो, आणि तो केवढा? व्यास जेमतेम ५०० किलोमीटर. इथून नागपूर त्याहून लांब पडेल. तिथं ज्वालामुखी नाहीत, दक्षिण ध्रुवावरच्या भेगांतून पाण्याच्या वाफेचे आणि बर्फाचे फवारे उडतात. कॅसिनी यानानं ते २००५ मध्ये शोधले. २००८ मध्ये कॅसिनीच्या अतिनील उपकरणानं शनीच्या उत्तर ध्रुवाजवळ एक ठिपका टिपला, साधारण १२०० किलोमीटर लांब आणि ४०० रुंद. एन्सेलेडसच्या बलरेषा बरोबर तिथं उतरतात. तो आयोच्या ठिपक्यापेक्षा खूप मंद आहे आणि दर वेळी दिसतही नाही. त्याची तेजस्विता तिपटीनं कमीजास्त होताना दिसली. फवारे कमीजास्त होत असावेत असं त्यावरून वाटतं. मला यातलं मोल इथं दिसतं: शनीच्या ढगांवरचा एक फिकट डाग बघून दोन लाख किलोमीटरपलीकडच्या बर्फाखालच्या पाण्याची चाहूल घेता येते.

मग आपला चंद्र का नाही? दोन कारणं. तो पृथ्वीपासून साठ पृथ्वीत्रिज्या लांब आहे, आणि सूर्याच्या बाजूला आपलं चुंबकीय आवरण दहा त्रिज्यांवरच संपतं. पौर्णिमेच्या आसपासचे काही दिवस चंद्र त्या आवरणाच्या शेपटीतून जातो, बाकी महिनाभर तो सूर्याच्या वाऱ्यात उघडा असतो. आणि त्या वाऱ्याचा वेग सेकंदाला ४०० किलोमीटरच्या घरात, तिथल्या आल्फवेन लहरीच्या वेगाच्या कितीतरी पट. लहर प्रवाहाविरुद्ध वर चढूच शकत नाही. आयोपाशी उलट आहे: प्रवाह ५७, लहर २००. लहर जिंकते, म्हणून निरोप पोचतो.

हाच निकष घेऊन लोक आता दुसऱ्या ताऱ्यांकडे बघतात. ताऱ्याला अगदी चिकटून फिरणारा ग्रह असेल, तर तिथं ताऱ्याचा वारा लहरीपेक्षा मंद असतो, आणि मग ग्रह ताऱ्याशी तेच करू शकतो जे आयो गुरूशी करतो. २०२० मध्ये हरीश वेदांतम आणि सहकाऱ्यांनी नेदरलँड्सच्या लोफार दुर्बिणीतून जीजे ११५१ या २६ प्रकाशवर्षांवरच्या लाल खुज्या ताऱ्याकडून अशा धाटणीच्या रेडिओलहरी पकडल्या. तारा शांत आहे, सावकाश फिरतो, त्याच्या स्वतःच्या अंगात एवढा जोर नाही. म्हणून संशय ग्रहावर गेला.

शेवटी व्यावहारिक बोलतो, कारण समोर बरीच महाविद्यालयीन मुलं बसली आहेत. ठिपका आपल्याला इथून दिसणार नाही; अतिनील प्रकाश हवेतून खाली येत नाही, आणि अवरक्तासाठी हवाईसारखी दुर्बीण लागते. पण बिग यांनी जे ताडून पाहिलं, ते आपल्याला ऐकता येतं. बलरेषांवरचे तेच इलेक्ट्रॉन रेडिओलहरी सोडतात आणि त्या ३९.५ मेगाहर्ट्‌झपर्यंत असतात. त्या वर्षाव केल्यासारख्या सगळीकडे जात नाहीत, एका पोकळ शंकूच्या भिंतीतून जातात. ती भिंत आपल्याकडे वळते तेव्हाच आवाज येतो, म्हणून ९० आणि २४० अंश. गुरूची ठरावीक बाजूही आपल्याकडे असावी लागते, पण आयो ९० अंशांजवळ असताना छोट्या दुर्बिणीतूनही तो गुरूपासून एका बाजूला सगळ्यात दूर गेलेला दिसतो, तेवढी खूण सुरुवातीला पुरते.

२० मेगाहर्ट्‌झजवळ ऐकायचं. त्यासाठी सुमारे ७ मीटर तांब्याची तार, मधोमध तोडून दोन खांबांवर आडवी ताणलेली, आणि शॉर्टवेव्ह रिसीव्हर. शहरात ट्यूबलाइट, इन्व्हर्टर, मोटारी यांची खरखर फार, तेव्हा गगनबावड्याकडे किंवा राधानगरीच्या पुढे जावं लागेल. दिवसा आणि संध्याकाळी आपल्या डोक्यावरचं आयनांबर दाट असतं, त्या लहरींना आडवं येतं. मध्यरात्रीनंतर ते विरळ होतं. म्हणून गुरू मध्यरात्र ते पहाट उंचावर असेल असे महिने निवडा, पाऊस नसलेले. आवाज दोन तऱ्हांचा असतो: सेकंदभर चढणारा-उतरणारा सरसराट, आणि मिलिसेकंदांचे तुटक तडतडाट. दुसऱ्या तऱ्हेचा मिळाला तर तो जवळपास नक्की आयोमुळेच. वेळ लिहून ठेवा, आयोची जागा लिहून ठेवा, आणि ज्या रात्री काहीच ऐकू आलं नाही तीही लिहून ठेवा. तार कुठं, कशी ताणायची आणि रिसीव्हर कसा जोडायचा, हे ज्यांना करायचं आहे त्यांनी व्याख्यानानंतर थांबावं. मी आकृती काढून देतो.